रीडिंगची गाडी आणि वाकडचं भाडं

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहते, एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) फिजिओथेरपिस्ट आहे, वर्षाचा पगार ४५,००० पौंड. माझे मिस्टर आयटीत आहेत, त्यांचा १,०४,०००. मुलगी दोन वर्षांची, नर्सरीत जाते. दोघांकडे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे. आमची जुनी पेट्रोल गाडी दर एमओटीला (वार्षिक तपासणीला) काहीतरी नवं दुखणं काढते, म्हणून इलेक्ट्रिक गाडी सॅलरी सॅक्रिफाइसवर, म्हणजे पगाराचा काही भाग सोडून, घ्यायचं चाललंय. एकच मॉडेल, ३६,००० पौंडांचं, दोघांच्याही ऑफिसच्या पोर्टलवर आहे. तीन वर्षं, वर्षाला ८,००० मैल, महिन्याला पगारातून ६२० पौंड कापणार. 'हातातला खर्च' म्हणून माझ्या पोर्टलवर ४२२ दाखवतात, त्यांच्या पोर्टलवर ३४१. त्यांच्या एचआरने सांगितलं, गाडी घेतली की पगार एक लाखाच्या खाली येईल आणि नर्सरीचे आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने मिळतील. म्हणजे गाडी जवळजवळ फुकटच पडते, असं यांचं म्हणणं. मला ते पटतही नाही आणि खोडताही येत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे. पुण्यात वाकडला यांच्या नावावर फ्लॅट आहे, महिना बत्तीस हजार भाडं येतं, पण ते तिथल्या तिथे ईएमआयला जातं, त्याचा इथे काही संबंध नाही. गाडीच्या कोटची (कंपनीने दिलेल्या दराची) मुदत शुक्रवारी संपते. घ्यावी का, आणि कोणाच्या पगारातून?"

ताई, आधी उत्तर सांगते, मग हिशेब. शुक्रवारी सही करू नका. तुमच्या पगारातून ही गाडी मुळीच घेऊ नका. मिस्टरांच्या पगारातून घेता येईल, पण त्याआधी एक काम करायचं आहे, आणि ते काम ज्याचा "इथे काही संबंध नाही" असं तुम्ही लिहिलंत त्या वाकडच्या भाड्यापाशी सुरू होतं.

ही योजना मुळात चालते कशी, ते दोन ओळींत. तुम्ही करार करून पगाराचा काही भाग सोडता, त्या बदल्यात कंपनी गाडी भाड्याने घेऊन तुम्हाला वापरायला देते. सोडलेल्या पगारावर इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) लागत नाही. उलट गाडी मिळते म्हणून तिच्या छापील किमतीच्या ठरावीक टक्क्यांवर टॅक्स लागतो, त्याला इथे बेनिफिट इन काइंड म्हणतात. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला हा टक्का २०२६-२७ मध्ये ४ आहे, पेट्रोल गाडीला कितीतरी जास्त. म्हणून २०१७ पासून ही योजना खरी फायद्याची राहिली आहे ती इलेक्ट्रिक किंवा अगदी कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना. इथवर सगळं ठीक आहे.

आता तुमचे ४२२. हा आकडा कुठून आला ते मी कागदावर उलटं मांडून पाहिलं. ६२० पौंड कापले. त्यातून ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचला, म्हणजे ५० पौंड. २० टक्क्यांनी इन्कम टॅक्स वाचला, तो १२४ व्हायला हवा. गाडीवरचा टॅक्स आला महिन्याला २४. ही बेरीज-वजाबाकी केली की उत्तर ४७० येतं. मग पोर्टलवर ४२२ कसे?

मधले साधारण ४९ पौंड म्हणजे तुमची स्वतःची पेन्शनची वर्गणी आहे. एनएचएसमध्ये सॅलरी सॅक्रिफाइस केलं की पेन्शनसाठी धरला जाणारा पगारही तेवढाच खाली येतो. तुमच्या पगाराला वर्गणी ९.८ टक्के, म्हणजे ६२० वर ६१ पौंड. टॅक्सची सवलत वजा करून ४९. ते पैसे पेन्शनमध्ये जायचे थांबले, ते तुमच्या हातात आले, आणि पोर्टलने त्यांना बचत म्हटलं. हे वाचून मला खरंच राग आला. असं म्हणजे घरातल्या डब्यातले पैसे काढून कमाई म्हणून मोजण्यासारखं आहे.

आणि डब्यातून नुसते ४९ पौंड जात नाहीत. एनएचएसच्या २०१५ च्या पेन्शन योजनेत दर वर्षीच्या पगाराचा चोपन्नावा भाग तुमच्या आयुष्यभराच्या वार्षिक पेन्शनमध्ये जमा होतो. वर्षाला ७,४४० पौंड सोडले तर १३८ पौंडांची पेन्शन बुडाली. तीन वर्षांची ४१३. ही ४१३ पौंडांची रक्कम दर वर्षी मिळायची होती, निवृत्तीपासून शेवटपर्यंत. आणि तुम्ही नोकरीत असेपर्यंत ती महागाईच्या वर दीड टक्क्याने वाढत राहणार होती. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पस्तिशीच्या आसपास धरलं आणि पेन्शनच्या वयापर्यंत नोकरी केलीत, तर ते ४१३ आजच्या पैशांत साडेसहाशेच्या पुढे जातात. त्या बदल्यात तीन वर्षांत तुमच्या हाती किती आले? १,७५० पौंड. पेन्शन सुरू झाल्यावर तीन-चार वर्षांतच ते भरून निघाले असते, पुढचं सगळं तुमचं नुकसान. मालकाची बाजू बघा: तुमच्या पेन्शनपोटी एनएचएस पगाराच्या २३.७ टक्के भरतं. तुम्ही सोडलेल्या ७,४४० वर ते भरणं थांबलं, वर्षाला १,७६३ पौंड. तिकडे त्यांची बचत, इकडे तुमची तूट.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. स्टॅट्युटरी मॅटर्निटी पेचे (कायद्याने मिळणाऱ्या बाळंतपणाच्या पगाराचे) पहिले सहा आठवडे सरासरी कमाईच्या ९० टक्के मिळतात आणि ती सरासरी पगार सोडल्यानंतरच्या आकड्यावर काढतात. मॅटर्निटी पे नुसता स्टॅट्युटरी उरतो तेव्हा त्यातून गाडीचा हप्ता कापता येत नाही, मग त्या महिन्यांचं भाडं कुणी सोसायचं हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नसाल, पण उत्तर तोंडी घेऊ नका.

म्हणून तुमच्या नावावर नको. ४७० हा खरा आकडा, शिवाय पेन्शनचं नुकसान. इतक्या पैशांत याहून बरी सोय होते.

आता मिस्टर. यांचा हिशेब वेगळ्याच जातीचा आहे, कारण इंग्लंडमध्ये एक लाख पौंड ही फार विचित्र जागा आहे. एक लाखाच्या वर कमावलेल्या दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड जातो. त्यामुळे १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात टॅक्स पडतो ६० टक्के, वर नॅशनल इन्शुरन्सचे २. शंभर पौंड पगारवाढ मिळाली तर हाती येतात अडतीस. (स्कॉटलंडचे टप्पे वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.) आणि ज्यांना लहान मूल आहे त्यांच्यासाठी हीच रेषा कड्यासारखी आहे. आई-बाबांपैकी एकाचंही ॲडजस्टेड नेट इन्कम (पेन्शनची वर्गणी वगैरे वजा करून उरलेलं सगळं उत्पन्न) एक लाखाच्या वर गेलं की नर्सरीचे तीस तास जातात आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर, म्हणजे मुलाच्या सांभाळाच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत, तीही जाते. दोघांची बेरीज करत नाहीत. एकानं रेषा ओलांडली की पुरे.

तीस तास म्हणजे वर्षातले ३८ आठवडे, एकूण १,१४० तास. तुमच्या नर्सरीचा दर तासाला ७ पौंड धरला तर ७,९८० पौंड. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचे वर्षाला जास्तीत जास्त २,००० वेगळे. जवळजवळ दहा हजारांचा प्रश्न आहे, गाडीच्या वर्षाच्या भाड्याहून मोठा. एचआर म्हणतंय ते इथवर खोटं नाही.

एचआरचा हिशेब असा: १,०४,००० मधून ७,४४० गेले, उरले ९६,५६०. एक लाखाच्या खाली, झालं काम! पण दोन गोष्टी राहिल्या. पहिली, गाडीवरचा बेनिफिट इन काइंड हे उत्पन्नच धरतात. ३६,००० चे ४ टक्के, १,४४०. ते मिळवले की ९८,०००. दुसरी गोष्ट वाकडची.

तुम्ही दोघं इथले रहिवासी आहात, आणि तुमच्या मुक्कामाला बरीच वर्षं झाली आहेत, आयएलआर त्याशिवाय मिळत नाही. अशा माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे धरलं जातं. पैसे इकडे आणले की तिकडेच ठेवले, याने फरक पडत नाही. भारतातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतलं व्याज, एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचंसुद्धा. एनआरईचं व्याज तिथे करमुक्त असतं म्हणून इथेही असेल, ही समजूत मला दर दिवाळीच्या कार्यक्रमात किमान दोन जणांकडून ऐकायला मिळते. नाही, इथे ते करपात्र आहे.

ईएमआयचं तर आणखी वाईट. मुद्दल हा खर्च नव्हेच. भाड्याने दिलेली जागा राहण्याचं घर असेल (दुकान-ऑफिस नव्हे) तर व्याजसुद्धा भाड्यातून सरळ वजा होत नाही, त्याच्यावर फक्त २० टक्क्यांनी टॅक्स कमी होतो. म्हणजे भाडं सगळं बँकेला गेलं तरी एचएमआरसीच्या (इथल्या टॅक्स खात्याच्या) दृष्टीने ते तुमच्या मिस्टरांच्या खिशात आलं. बत्तीस हजार दरमहा म्हणजे वर्षाचे ३,८४,०००. हिशेबाला पौंडाचे १२० रुपये धरले तर ३,२०० पौंड. घरभाड्यावर १,००० पौंडांची एक सूट आहे, ती घेतली तर २,२०० उरतात. (ही सूट घेतली की सोसायटीचा मेंटेनन्स, दुरुस्ती वगैरे खरा खर्च दाखवता येत नाही, आणि व्याजाची ती २० टक्क्यांची सवलतही सोडावी लागते. दोन्ही बाजूंनी मांडून बघायचं.)

९८,००० अधिक २,२००. १,००,२००.

दोनशे पौंडांनी तुम्ही कड्याच्या पलीकडे आहात. गाडी घेऊनसुद्धा. तीस तासांचा फॉर्म भरताना या करवर्षात उत्पन्न एक लाखाच्या आत राहील असं लिहून द्यावं लागतं आणि दर तीन महिन्यांनी त्याची पुन्हा खात्री द्यावी लागते. पोर्टलला फक्त पगार दिसतो, वाकड दिसत नाही. तुम्ही निर्धास्तपणे टिकमार्क केलं असतं.

शिवाय हे दोनशे पहिल्या वर्षाचे. बेनिफिट इन काइंडचा टक्का २०२७-२८ ला ५ होणार, २०२८-२९ ला ७, २०२९-३० ला ९. हे जाहीर झालेलं आहे. टक्का सातवर गेला की गाडीचे २,५२० धरले जातील. त्यात मिस्टरांना नुसती तीन टक्के पगारवाढ मिळाली तरी ३,१२० वाढतात. गाडी एकदा ठरली की तिचा हप्ता तीन वर्षं तोच राहतो, उत्पन्न मात्र दर एप्रिलला सरकतं. रेषेच्या खाली राहायचं असेल तर दर वर्षी कमी-जास्त करता येईल असं काहीतरी हाताशी लागतं, आणि गाडीचं भाडं तसं नाही.

तसं आहे ते पेन्शन. मिस्टरांनी गाडीचा विचार बाजूला ठेवून पगारातून ६,५०० पौंड जास्तीचे पेन्शनमध्ये टाकले, तर १,०४,००० अधिक २,२०० वजा ६,५००, उत्पन्न ९९,७००. टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून ३,९७० वाचतात. खिशातून जातात २,५३०, खात्यात जमा होतात ६,५००, आणि नर्सरीची दारं उघडतात. पैसे त्यांचेच, फक्त म्हातारपणापर्यंत कुलपात.

यातून एक गोष्ट निघते, जी कुठलंही पोर्टल दाखवत नाही. तुमच्या घरात त्या ६२ टक्क्यांच्या पट्ट्यात फक्त ६,२०० पौंड आहेत. ती सवलत एकदाच वापरता येते. गाडीला लावा, नाहीतर पेन्शनला. गाडीला लावली तर गाडी कागदावर स्वस्त दिसते. पोर्टलच्या ३४१ मध्ये भाडं मिळवून मी पुन्हा काढलं तर ३०८ आले, म्हणजे आणखी स्वस्त! पण त्या स्वस्ताईत नर्सरी गेली. पेन्शनने आधी उत्पन्न एक लाखाच्या खाली आणलं, आणि मग त्यावर गाडी घेतली, तर गाडीवर सवलत उरते ४२ टक्के आणि गाडीच्या टॅक्सचा दर ४०. ७,४४० वजा वाचलेले ३,१२५, अधिक गाडीवरचा टॅक्स ५७६, वर्षाला ४,८९१. महिन्याला ४०८.

तुमच्या मिस्टरांच्या गाडीची खरी किंमत ही. पहिल्या वर्षी ४०८, दुसऱ्या वर्षी ४२०, तिसऱ्या वर्षी ४४४. तीन वर्षांचे सव्वापंधरा हजार पौंड, आणि शेवटी किल्ली परत. त्यात इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, रोड टॅक्स आलेला असतो, हे विसरू नका. म्हणून ४०८ ची तुलना नुसत्या हप्त्याशी करायची नाही. तीन-चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी १६,००० ला घेतली, तीन वर्षांनी ९,००० ला गेली, वर्षाला इन्शुरन्स ७००, देखभाल ५००, रोड टॅक्स २०० धरला, तर महिन्याला सुमारे ३१० पडतात. त्यासाठी सोळा हजार हाताशी हवेत, किंवा कर्जाचं व्याज मिळवायला हवं, आणि मधेच काही बिघडलं तर ते आपलं. नव्या गाडीसाठी महिन्याला शंभर पौंड जास्त द्यायला तुम्ही दोघं तयार असाल तर मला त्यात काही गैर वाटत नाही. हिवाळ्यात लहान मूल मागे बसवून एम४ मोटरवेवर गाडी बंद पडणं काय असतं ते मला माहीत आहे. फक्त "फुकट" हा शब्द घरात पुन्हा कुणी काढू नये.

वीज. तुमच्याकडे ड्राइव्हवे आहे की नाही, तुम्ही लिहिलं नाहीत, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. वर्षाला ९,००० मैल चालवली आणि एका युनिटला साडेतीन मैल धरले, तर रात्रीच्या ८ पेन्सच्या दराने सुमारे दोनशे पौंडांत वर्ष निघतं. तेच मैल बाहेरच्या जलद चार्जरवर ७५ पेन्सने काढले तर १,९०० च्या वर, म्हणजे पेट्रोलहूनही महाग. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि बाहेरच्या चार्जिंगवर २०, हाही फरक आहेच. एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स द्यावे लागणार आहेत. ९,००० मैलांचे २७०. ते गाडी कंपनी तुमच्या माथी मारणार का, हे आजच विचारा, कारण तुमचा करार त्या तारखेच्या पुढे जातो.

मी ९,००० का धरले? कोट ८,००० चा आहे म्हणून. मुलगी उद्या मराठी शाळेत जाईल, लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला, दिवाळीला जाल. रीडिंगहून जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी मैल सहज होतात. भारतातून आजी-आजोबा आले की लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंड ठरलेलं. जुन्या गाडीच्या गेल्या तीन एमओटीच्या कागदांवर मैलांचे आकडे असतात, तेवढे वजा करून बघा. ठरलेल्या मैलांच्या वर प्रत्येक मैलाला दंड असतो, आणि तो शेवटी एकरकमी येतो.

शेवटी येणाऱ्या बिलांबद्दल माझा अनुभव सांगते. मी २०२१ मध्ये अशीच गाडी घेतली होती, टॅक्सचा टक्का तेव्हा १ होता, माझा हिशेब उत्तम बसला. तीन वर्षांनी गाडी न्यायला माणूस आला तेव्हा पाऊस पडत होता. त्याने ओल्या गाडीभोवती टॉर्च घेऊन दोन फेऱ्या मारल्या, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि रिमवरच्या ओरखड्याला छोटी पट्टी लावून मोजलं. साउथॉलला भाजी घ्यायला गेले होते तेव्हा कर्बला घासलेलं ते चाक. मग दुसरं. मग मागच्या बंपरवरचा पोचा, जो मी कधी पाहिलाच नव्हता. दहा दिवसांनी ३४० पौंडांचं बिल. साधारण झीज म्हणजे किती, याचे नियम बीव्हीआरएलए या इथल्या गाडी-भाडे संघटनेने छापलेले आहेत. गाडी परत करायच्या दोन महिने आधी ते हातात घेऊन गाडी धुऊन, कोरडी करून, उजेडात बघा. ओरखडे बाहेर बुजवून घेणं पुष्कळ स्वस्त पडतं.

त्याहून मोठा फटका इन्शुरन्सचा बसला. माझा सात वर्षांचा नो क्लेम बोनस होता. योजनेत इन्शुरन्स कंपनीच्या नावावर असल्याने तो वापरला गेला नाही, आणि इथे बहुतेक इन्शुरन्सवाले दोन वर्षांहून जुना बोनस मानत नाहीत. नव्या ड्रायव्हरसारखा हप्ता भरला. तुमच्या जुन्या गाडीची पॉलिसी कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि तीन वर्षं विना अपघात चालवल्याचं पत्र योजना शेवटी देते का, ते विचारून घ्या.

नोकरी सुटली तर काय, हा प्रश्न आयटीवाल्यांनी आज तरी विचारलाच पाहिजे. कपातीत गेली तर बऱ्याच कोटांमध्ये संरक्षण असतं, पण पहिले काही महिने सोडून. स्वतः राजीनामा दिला तर वेगळे नियम. मिस्टर दोन वर्षांत नोकरी बदलतील असं वाटत असेल तर करार मधेच मोडण्याचा खर्च पौंडांत लिहून घ्या, "काही महिन्यांचं भाडं" असं मोघम नको. त्याच मेलमध्ये आणखी दोन प्रश्न टाका. कंपनी पेन्शनमध्ये जी टक्केवारी भरते ती मूळ १,०४,००० वर धरणार की उरलेल्या पगारावर? आणि ७,४४० वर कंपनीचा जो १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो, साधारण १,१०० पौंड, त्यातलं काही कोटमध्ये आलंय का? काही कंपन्या देतात, काही स्वतःकडे ठेवतात, आणि न विचारणाऱ्याला कुणी आपणहून सांगत नाही. घराचं मॉर्गेज नव्याने करायचं असेल तर ते गाडीच्या आधी करा. बँका पेस्लिपवरचा कमी झालेला पगार बघतात.

व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. स्किल्ड वर्कर व्हिसावर, पब्लिक फंड्सची (सरकारी मदत घेण्याची) परवानगी नसलेल्या जोडप्यांना ते तीस तास मिळत नाहीत, तेव्हा एचआरचा हा भाग तुम्हाला लागू नाही. आणि व्हिसासाठी पगार मोजताना कंपनीची गाडी पगारात धरत नाहीत. पगार किमान मर्यादेच्या जवळ असेल तर स्पॉन्सरचं (व्हिसा देणाऱ्या कंपनीचं) लेखी उत्तर आल्याशिवाय एक पौंडही सोडू नका.

परत वाकडकडे येते, कारण माझ्या मते गाडीपेक्षा ते तातडीचं आहे. ते भाडं आजवर सेल्फ असेसमेंटमध्ये (आपण स्वतः भरायच्या टॅक्स रिटर्नमध्ये) दाखवलं नसेल, तर घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. भारत आणि ब्रिटन आर्थिक खात्यांची माहिती एकमेकांना देतात. परदेशातलं राहून गेलेलं उत्पन्न आपणहून सांगायला एचएमआरसीची वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटी आहे; त्यांचं पत्र यायच्या आधी आपण गेलो तर दंड कमी लागतो. भारतात त्या भाड्यावर भरलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा करून मिळतो, म्हणून भाडेकरू टीडीएस कापत असेल तर त्याची सर्टिफिकेटं मागवा. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या अकाउंटंटला एकदा भेटा; त्याची फी ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली खर्ची पडलेली रक्कम ठरेल.

शुक्रवारची मुदत जाऊ द्या. कोट पुन्हा मिळतो, फार तर दहा-वीस पौंड इकडेतिकडे होतील. या शनिवारी-रविवारी मिस्टरांना पेरोलच्या पोर्टलवर पेन्शनची टक्केवारी कुठे बदलता येते ते शोधायला बसवा आणि तुम्ही वाकडच्या भाड्याची बँक स्टेटमेंट काढा. भारतातलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, इथलं ६ एप्रिलला, तेव्हा सीएने दिलेला वार्षिक आकडा जसाच्या तसा उतरवू नका. ६ एप्रिल ते ५ एप्रिल अशी बाराच्या बारा भाडी तारखेनिशी एका कागदावर लिहा आणि बेरीज मला कळवा. माझे २,२०० त्यावर तपासून घेऊ, मग पेन्शनचा टक्का ठरवू.